कोरडवाहू घरातील बोर्डाची परीक्षा

बुलढाणा जिल्ह्यात फेब्रुवारी आणि मार्च या महिन्यांत दोन हंगाम एकाच वेळी येतात. शेतात हरभरा सोंगणीला आलेला असतो, गहू पिवळा पडू लागलेला असतो, तुरीचा आणि शेवटच्या वेचणीच्या कापसाचा भाव रोज विचारला जात असतो. आणि नेमक्या याच दिवसांत महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावीच्या व दहावीच्या लेखी परीक्षा, मंडळाच्या अमरावती विभागाच्या देखरेखीखाली, जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत होतात. २०११ च्या जनगणनेनुसार २५,८६,२५८ लोकसंख्येच्या या जिल्ह्यात दर पाच माणसांपैकी जवळपास चार माणसे खेड्यांत राहतात, त्यामुळे परीक्षेला बसणाऱ्या बहुसंख्य मुलामुलींच्या घरी त्या वेळी कापणीची, मजुरांची आणि पीककर्जाची बोलणी चालू असतात. परीक्षेच्या ताणावर पालकांसाठी जे काही लिहिले जाते त्यात मात्र सहसा वेगळेच घर गृहीत धरलेले असते: मुलाला अभ्यासाची स्वतंत्र खोली आहे, वडील संध्याकाळी सहाला कार्यालयातून परततात आणि आईने शाळेचा अभ्यासक्रम वाचलेला आहे, असे ते घर. तिथला सल्ला या जिल्ह्यातील एखाद्या गावात नेऊन ठेवला की तो अर्धा उपयोगी पडतो आणि अर्धा हास्यास्पद वाटतो.

जिल्ह्यातील लोक आपल्या मुलखाचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग करतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या अंगाने वसलेले बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हे तालुके घाटावर, आणि पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हे घाटाखाली. माती आणि हवा वेगळी असली तरी दोन्हीकडची बरीचशी शेती कोरडवाहू, म्हणजे सिंचनाची खात्रीची सोय नसलेली आणि पावसाच्या भरवशावर चालणारी आहे. २००६ मध्ये केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी खास मदत जाहीर केली, त्यांत बुलढाण्याचा समावेश होता. कोरडवाहू शेतीत वर्षभराचे कष्ट दहा-पंधरा दिवसांच्या पावसावर ठरतात, आणि हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेल्या घरात बोर्डाच्या परीक्षेकडेही त्याच नजरेने पाहिले जाते: बारा वर्षांची पेरणी, आणि सहा-सात पेपरांत तिचा निकाल. पोरगं हेच घरातले एकमेव ओलिताचे शेत, अशी काहीशी अपेक्षा, कोणी तोंडाने न बोलताही, त्याच्या वाट्याला येते.

या अपेक्षेला चूक म्हणणे सोपे आहे, पण ते प्रामाणिकपणाचे नाही. दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या कुटुंबासाठी दहावी-बारावीचे गुण ही खरोखरच पुढची वाट ठरवणारी गोष्ट असते; तंत्रनिकेतन, परिचर्या अभ्यासक्रम, पोलीस भरती, शहरातील महाविद्यालय आणि तिथले वसतिगृह यांचे दरवाजे गुणपत्रिकेवरच उघडतात. म्हणून ‘गुणांना काही महत्त्व नाही’ हे वाक्य अशा घरात मुलाला धीर देत नाही. ते खोटे आहे हे त्याला कळते आणि खोटे बोलून आपली समजूत काढली जात आहे हेही कळते. पालकांना करण्यासारखे काम याहून अवघड आहे. घराची अनिश्चितता आणि परीक्षेची अनिश्चितता या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवायच्या, आणि मुलाच्या खांद्यावर फक्त दुसरीच राहील असे पाहायचे. परीक्षा महत्त्वाची आहे हे मान्य करूनच हे करावे लागते.

त्यासाठी ताण म्हणजे काय हे थोडे नेमकेपणाने समजून घ्यायला हवे. अंगावर आलेल्या मागणीला तोंड देण्यासाठी शरीर आणि मन जी जुळवाजुळव करते तिला मानसशास्त्रात ताण म्हणतात, आणि तो मुळातच वाईट नसतो. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या अमेरिकी संशोधकांनी १९०८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखवले की काम अवघड असेल तेव्हा उत्तेजना अगदी कमी असली तरी शिकणे मंदावते आणि फार वाढली तरी मंदावते; मधल्या पातळीवर ते सर्वांत चांगले होते. परीक्षेपुरत्या मर्यादित असलेल्या भीतीला परीक्षा-चिंता असे स्वतंत्र नाव आहे, आणि जॉर्ज मँडलर व सीमोर सॅरासन यांनी १९५२ मध्ये येल विद्यापीठात केलेल्या कामापासून तिचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. पुढे १९६७ मध्ये लीबर्ट आणि मॉरिस यांनी या चिंतेचे दोन घटक वेगळे केले. एक म्हणजे शारीरिक खळबळ, म्हणजे तळहाताला घाम येणे, छाती धडधडणे, पोटात गोळा येणे. आणि दुसरा म्हणजे काळजी, म्हणजे ‘नापास झालो तर काय’, ‘बाबांना काय सांगू’ अशा विचारांची डोक्यातली अखंड फिरकी. गुण कमी होण्याशी पहिल्यापेक्षा दुसऱ्या घटकाचा संबंध अधिक आहे, हे त्यानंतरच्या अभ्यासांत वारंवार आढळले. पालकांच्या दृष्टीने ही माहिती फार मोलाची आहे, कारण घाम आणि धडधड पाहून ते घाबरतात, पण नुकसान करणारी गोष्ट दिसत नाही. ती आत चाललेली असते आणि तिचे शब्द बहुतेक वेळा घरातूनच गेलेले असतात.

काळजी नुकसान कसे करते हेही आता बऱ्यापैकी उलगडले आहे. आकडेमोड करताना किंवा उत्तराची जुळणी करताना माहिती क्षणभर डोक्यात धरून ठेवणाऱ्या क्षमतेला कार्यस्मृती म्हणतात, आणि ती अगदी तोकडी असते. एखाद्या लहानशा खळ्यासारखी तिची कल्पना केली तर तिथे एका वेळी मोजक्याच पेंढ्या मावतात. अर्ध्या खळ्यावर ‘बाबांना काय सांगू’ पसरलेले असेल तर वर्गसमीकरण मळायला उरलेल्या अर्ध्यातच जागा काढावी लागते. घरी येत असलेले गणित पेपरात सुटत नाही याचे कारण अनेकदा एवढेच असते. त्यावरून ‘याने अभ्यासच केला नाही’ असा निष्कर्ष काढणे हा त्या मुलावर दुहेरी अन्याय होय.

हे शब्द घरात कसे तयार होतात ते पाहण्यासाठी अशा घरातील एक संध्याकाळ डोळ्यांसमोर आणावी. दोन खोल्यांचे घर, पुढच्या खोलीत बाजेवर आजोबा, दाराशी बांधलेली शेळी, आतल्या खोलीत चुलीशेजारी गॅसची शेगडी, आणि दोन्ही खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यापाशी, जिथे दिव्याचा उजेड नीट पडतो तिथे, विज्ञानाचे पुस्तक घेऊन बसलेली मुलगी. वडील ओट्यावर फोनवर बोलत आहेत: सोयाबीनचे पैसे अडत्याकडून पुरते आलेले नाहीत, बँकेचा निरोप आला आहे, आणि बोलता बोलता ते म्हणतात, ‘आता पोरीच्या निकालावर पाहू काय होते ते.’ समोरच्याला धीर देण्यासाठी बोललेले हे वाक्य आहे, रागाचे तर मुळीच नाही. पण आत बसलेल्या मुलीच्या दृष्टीने प्रकाशसंश्लेषणाच्या प्रकरणाला त्या क्षणी बँकेचा हप्ता जोडला गेलेला असतो. थोड्या वेळाने आई विचारते, ‘वाचून राहिली ना?’, आजोबा शेजारच्या मुलाला गेल्या वर्षी किती टक्के पडले ते सांगतात, आणि मावशीचा फोन येतो तो ‘झाला का अभ्यास?’ या प्रश्नानेच सुरू होतो. यांपैकी प्रत्येक वाक्य एकटे घेतले तर निरुपद्रवी आहे. दिवसभरात ती पंधरा-वीस वेळा कानावर पडतात तेव्हा त्यांची बेरीज होते.

पैशाची बोलणी मुलांपासून लपवावीत असा याचा अर्थ नाही. शेतकऱ्याच्या घरातील सोळा वर्षांच्या मुलाला भाव, कर्ज आणि मजुरी पुरेशी कळते, आणि लपवाछपवीने त्याची भीती वाढतेच. वडिलांनी एकदाच, शांतपणे, ‘हप्त्याचे आम्ही पाहून घेऊ, त्यात तुझा पेपर येत नाही’ असे सांगून टाकणे, आणि मग ते खरे वाटावे म्हणून दोन्ही गोष्टी एका वाक्यात पुन्हा कधी न आणणे, एवढे पुरते. यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा कितीतरी कठीण आहे.

कौतुकाच्या बाबतीतही एक सावधगिरी उपयोगी ठरते. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत शाळकरी मुलांच्या एका गटाला ‘तू हुशार आहेस’ आणि दुसऱ्या गटाला ‘तू मेहनत घेतलीस’ अशा शब्दांत शाबासकी देण्यात आली. पुढे कठीण प्रश्नांत अपयश आल्यावर हुशारीची शाबासकी मिळालेली मुले लवकर नाउमेद झाली, आणि आपले गुण इतरांना कळवताना त्यांच्यातील अधिक मुलांनी ते वाढवून सांगितले. हुशार म्हणवून घेतलेल्या मुलाला प्रत्येक पेपरात ती हुशारी शाबूत राखावी लागते. गावात ‘आमचं पोरगं पहिलं येते’ अशी जाहिरात झालेली असेल तर हे ओझे आणखी जड होते.

अभ्यासात आपण काय मदत करणार, असे कमी शिकलेल्या आईवडिलांना वाटते, आणि या बाबतीत ते स्वतःला विनाकारण कमी लेखतात. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तेच उतारे पुन्हा वाचले, तर काहींनी पुस्तक मिटून जे आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे किंचित पुढे होते, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत त्यांना उताऱ्याचा सुमारे ४२ टक्के भाग आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के. या पद्धतीला स्मरण-सराव म्हणता येईल, आणि तिच्यासाठी समोर बसणाऱ्याला विषय येण्याची गरज नसते. अक्षर न ओळखणारी आईसुद्धा भाकरी थापता थापता पुस्तक मिटायला लावून ‘काय वाचलं, सांग बरं मले’ असे म्हणू शकते, आणि मूल अडखळले की कुठे अडखळले ते तिच्या आधी त्या मुलालाच कळते. तिला उत्तर येत नसणे हा इथे फायदा आहे, कारण शिक्षकापुढे चुकण्याची भीती आईपुढे नसते. ‘वाचून राहिली ना?’ या पहाऱ्याच्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न शतपटीने बरा.

झोपेचा मुद्दा अधिक अडचणीचा आहे. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते असे वैद्यकीय मत आहे, आणि दिवसा शिकलेले पक्के होण्याचे काम मेंदू मोठ्या प्रमाणात झोपेतच करतो. शिवाय या वयात शरीराचे घड्याळ पुढे सरकलेले असल्यामुळे रात्री लवकर झोप येत नाही. रात्री बारापर्यंत जागून पहाटे चारला उठणारा विद्यार्थी म्हणजे आदर्श, ही गावोगावची समजूत म्हणूनच महागात पडते. पण बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात झोप केवळ अभ्यासामुळेच जात नाही. कृषिपंपांना वीज आळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळते. रात्रीची पाळी असेल तेव्हा गव्हाला पाणी द्यायला वडिलांबरोबर बारावीतला मुलगा जातो, थंडीत बारे मोडत पहाट होते आणि सकाळी तो सराव परीक्षेला बसतो. मुलींची गोष्ट याहून कमी बोलली जाते, कारण त्यांचे काम काम म्हणून मोजलेच जात नाही: पहाटेचे पाणी, स्वयंपाक, सोंगणीला आई गेल्यावर लहान भावंडे. घरात भाऊबहीण एकाच वर्षी परीक्षेला बसलेले असतील आणि भावाला ‘अभ्यास कर’ म्हणून मोकळे सोडून बहिणीच्या हाती झाडू दिला जात असेल, तर तिथे ताणाविषयी समुपदेशन करण्याआधी कामाची वाटणी करायला हवी. जानेवारीपासून तीन महिने रात्रीचे ओलीत दुसऱ्याने करणे आणि मुलीची सकाळची दोन कामे घरातील पुरुषाने उचलणे, ही कोणत्याही धीराच्या शब्दांपेक्षा मोठी मदत आहे, आणि ती मुलांच्या लक्षातही राहते.

पेपरच्या दिवसाची बरीच भीती ही प्रवासाची भीती असते. केंद्र अनेकदा दुसऱ्या गावात असते, सकाळच्या सत्रातील पेपर अकरा वाजता सुरू होतो, विद्यार्थ्याला साडेदहापर्यंत केंद्रावर पोहोचावे लागते, आणि एसटी वेळेवर येईल याची खात्री कोणी देत नाही. पेपर सुरू होण्याआधी दहा मिनिटे प्रश्नपत्रिका वाचायला देण्याची जुनी पद्धत २०२३ पासून बंद झाली आणि त्याऐवजी शेवटी दहा मिनिटे वाढवून मिळू लागली. हा बदल माहीत नसलेले मूल सुरुवातीलाच गडबडते, म्हणून तो आधी सांगून ठेवावा. पहिल्या पेपरच्या आधी एकदा केंद्रावर जाऊन येणे, कोणत्या गाडीने जायचे आणि ती चुकली तर कोणाची मोटारसायकल घ्यायची हे आदल्या रात्री ठरवणे, प्रवेशपत्र, दोन पेन आणि पाण्याची बाटली पिशवीत भरून खुंटीला टांगणे ही कामे क्षुल्लक दिसतात, पण अनिश्चितता कमी करण्याचे याहून स्वस्त साधन नाही. ज्या मुलांच्या डोक्यात विचारांची फिरकी फार चालते त्यांच्यासाठी आणखी एक उपाय आहे: जेरार्डो रामिरेझ आणि सियान बायलॉक यांनी २०११ मध्ये दाखवले की परीक्षेच्या अगदी आधी दहा मिनिटे आपली भीती कागदावर मोकळेपणाने लिहून काढणाऱ्या चिंताग्रस्त विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारली. लिहिलेला कागद कोणी वाचायचा नसतो. पालकांनी तर नाहीच.

पेपर सुटल्यावर फाटकाबाहेर उभ्या असलेल्या पालकाचा पहिला प्रश्न ‘कसा गेला?’ हा असतो आणि दुसरा ‘किती मार्कांचा सोडवला?’ हा. दुसऱ्या प्रश्नाने झालेल्या पेपरची पुन्हा परीक्षा सुरू होते, चुकलेले उत्तर सापडते, आणि पुढच्या पेपरच्या अभ्यासातले दोन तास त्या चुकीच्या पायी जातात. ‘चल, आधी जेवून घे’ एवढे बोलून मुलाला सावलीत नेणारा पालक जास्त शहाणा. मूल स्वतःहून सांगू लागले तर ऐकावे, नाही तर विषय काढू नये.

याच फाटकाबाहेर परीक्षेचे दुसरेही एक रूप दिसत आले आहे. ३ मार्च २०२३ रोजी बारावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेची काही पाने पेपर सुरू होण्याआधीच सिंदखेड राजा तालुक्यातून समाजमाध्यमांवर पसरली, विधानसभेत त्यावर गदारोळ झाला, साखरखेर्डा पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला आणि शिक्षकांसह काही जणांना अटक झाली. ती पाने बाहेर आली तोवर विद्यार्थी परीक्षा दालनात पोहोचलेले होते, असे कारण देऊन मंडळाने फेरपरीक्षेची गरज नसल्याचे स्पष्ट केले. कायद्याची बाजू न्यायालयाची आहे. पालकांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब वेगळी आहे: त्या दिवशी प्रामाणिकपणे पेपर सोडवून बाहेर आलेल्या मुलांना, आपला पेपर रद्द होणार का आणि आपल्या गुणांकडे आता कोणी संशयाने पाहणार का, या काळजीने घेरले, आणि उरलेले पेपर त्यांना तशाच मनःस्थितीत द्यावे लागले. फाटकाबाहेरून कॉपी पुरवण्यासाठी धडपडणारे काका-मामा आपण मुलाचा ताण हलका करतो आहोत असे समजतात. प्रत्यक्षात ते त्याला एवढेच सांगत असतात की तुझ्याच्याने हे होणार नाही, अशी घरच्यांची खात्री आहे. भरारी पथकाची भीती त्यावर वेगळी.

काही मुलांची अडचण ताणाची नसते, पण ताण म्हणून वर्षानुवर्षे खपवली जाते. बुद्धी चांगली असूनही वाचताना अक्षरे उलटसुलट होणे, लिहिताना फार वेळ लागणे किंवा आकड्यांचा गोंधळ होणे याला अध्ययन अक्षमता म्हणतात. अशा आणि इतर दिव्यांग विद्यार्थ्यांना मंडळ जादा वेळ, लेखनिक आणि अन्य सवलती देते. त्यासाठी अधिकृत रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते आणि प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत पाठवावा लागतो, म्हणून ही चौकशी वर्षाच्या सुरुवातीलाच करावी लागते.

परीक्षा संपते आणि निकाल लागायचा असतो ते दोन महिने घरात विचित्र शांततेचे असतात. याच काळात अक्षय्य तृतीया येते, आणि त्या संध्याकाळी जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे घटमांडणी होते. शेतात मांडलेली धान्ये आणि इतर वस्तू रात्रीतून कशा हलल्या ते दुसऱ्या दिवशी पहाटे पाहून पावसाचे व पिकांचे भाकीत सांगितले जाते आणि ते ऐकायला दूरदूरचे शेतकरी जमतात. त्या भाकितावर विश्वास ठेवावा की नाही हा वेगळा प्रश्न आहे, पण अनिश्चितता असह्य झाली की माणूस कुठल्या तरी आकड्याचा आधार शोधतो एवढे त्यावरून कळते. ‘तुला किती पडतील?’ असे मुलाला पुन्हा पुन्हा विचारणे ही घरगुती घटमांडणीच असते. मूल विचारणाऱ्याचे समाधान व्हावे म्हणून एक आकडा सांगते, आणि मग महिनाभर त्या आकड्याच्या धाकात राहते.

आकड्यांविषयी पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, २०१९ मध्ये तो ७७.१० वर घसरला आणि २०२० मध्ये ९५.३० वर गेला. या तीन वर्षांत महाराष्ट्रातील मुले आधी मठ्ठ आणि मग एकदम हुशार झाली, असे कोणी म्हणणार नाही. २०१९ मध्ये अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे गुण काढून टाकले होते, ते पुढच्या वर्षी परत आले, आणि २०२० मध्ये कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरी गुण दिले गेले. २०२१ मध्ये तर लेखी परीक्षा झालीच नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. मोठ्या भावाची टक्केवारी धाकट्या बहिणीपुढे ठेवताना ही दोन वर्षे एकाच मापाची होती का, हे आधी पाहायला हवे.

निकालाआधीच्या या शांततेत जपण्याच्या गोष्टीही आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. मूल जेवण टाकू लागले, मित्रांना भेटेनासे झाले, रात्रभर जागू लागले, जवळच्या वस्तू वाटून टाकू लागले किंवा ‘मी नसलो तर तुमचा त्रास तरी जाईल’ अशा अर्थाचे काही बोलले, तर ते नाटक नव्हे. थेट विचारल्याने असा विचार मुलाच्या डोक्यात येतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने त्याला बोलायला वाव मिळतो. मागच्या हंगामातून उरलेली फवारणीची औषधे घरात उघड्यावर न ठेवता कुलपात ठेवावीत आणि किल्ली मोठ्या माणसाकडे असावी, हा साधा उपाय आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयात उपचारांची सोयही होते. मानसोपचार म्हणजे वेडाचा शिक्का, या भीतीने पालक अंगारेधुपारे करण्यात आठवडे घालवतात, आणि हातचा वेळ तेवढा जातो.

निकाल अलीकडे मे महिन्यात दुपारी एक वाजता ऑनलाइन जाहीर होतो, आणि तो पाहण्यासाठी बैठक क्रमांकाबरोबर आईचे नाव टाकावे लागते. ज्या आईच्या नावाने तो उघडतो ती त्या वेळी बहुधा शेतात धसकटे वेचत असते, वडील बाजार समितीत असतात, आणि मूल एखाद्या दुकानातील मोबाइलभोवती जमलेल्या दहा जणांत उभे असते. निकालाची तारीख आदल्या दिवशी कळते. त्या दुपारी घरातल्या एका माणसाने मुलाजवळ थांबावे, आणि आकडा प्रथम त्या दोघांनीच पाहावा.

आकडा वाईट निघाला तर काय करायचे ते या जिल्ह्यातील शेतकऱ्याला कोणी शिकवण्याची गरज नसते. जूनमध्ये पेरले आणि पावसाने ओढ दिली तर तो दुबार पेरणी करतो. बियाण्याचा खर्च दुप्पट होतो, मन खट्टू होते, पण गावात तोंड दाखवायला लाज वाटत नाही, कारण दोष पावसाचा असतो आणि हंगाम अजून हातात असतो. पुरवणी परीक्षा नेमकी त्याच दिवसांत, पावसाळ्याच्या तोंडाशी येते. दहावीत एक-दोन विषय राहिले असतील तर सवलतीतून अकरावीला प्रवेश मिळतो. गुणांविषयी शंका असेल तर गुणपडताळणी करता येते, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, आणि ती हाती आल्यावर पुनर्मूल्यांकनाचा अर्जही करता येतो. या सर्वांच्या मुदती मोजक्या दिवसांच्या असतात आणि पुरवणी परीक्षेचा अर्ज शाळेमार्फतच भरावा लागतो, म्हणून निकालानंतरच्या पहिल्या आठवड्यात पेरणीपूर्व मशागतीतून एक सकाळ काढून पालकाने मुलाबरोबर शाळेत जायचे असते.